फौजेतले किट : कागदावरचे, खाटेवरचे आणि अंगावरचे

माणदेशी फौजी

मी १९७५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पायदळात रंगरूट म्हणून दाखल झालो आणि २४ वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलो. ट्रेनिंग सेंटरचे आणि पलटणीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या किश्श्यांतली बरीच मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांतले दोघे-तिघे तब्येतीने माझ्यापेक्षा दणकट आहेत. लढाईच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. मला लिहायचे आहे ते बूट, मोजे, मग, मच्छरदाणी आणि साबण यांच्याविषयी.

आमच्या सातारा जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा मुलखात वाढलेल्या पोराने शौर्याच्या कथा पाळण्यात असल्यापासून ऐकलेल्या असतात. माझ्या दोन चुलत्यांनी आणि एका मामाने मला शत्रूच्या मोर्च्यापासून मेडलच्या फितीपर्यंत सगळे सांगितले होते, पण पायमोज्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते.

किट वाटपाच्या दिवशी याची किंमत कळली. स्टोअरच्या खिडकीपलीकडचा नाईक आमच्या पायांकडे नव्हे, तोंडाकडे पाहून बुटाचे माप ठरवत असे. माणदेशात मेंढरांमागे अनवाणी फिरून वाढलेल्या पोराचा पाय लांबीला बेताचा आणि रुंदीला फावड्यासारखा असतो, ही गोष्ट बूट बनवणाऱ्याच्या हिशेबात नव्हती. जो बूट रुंदीला बसे त्यात पुढे चार बोटे जागा उरत असे, आणि जो लांबीला बसे त्यात करंगळी शिरत नसे. त्या रात्री बराकीत बुटांचा जो बाजार भरला तो म्हसवडच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजाराला मागे टाकणारा होता. सात नंबरवाला आठ नंबरच्या शोधात, आठवाला सहाच्या, आणि एक बिचारा दोन्ही बूट डाव्या पायाचे घेऊन सगळ्या खाटांपुढून फिरत होता. त्याचा जोडीदार, म्हणजे दोन्ही उजवे मिळालेला, शेजारच्या बराकीत असणार हे त्याला तिसऱ्या दिवशी सुचले. तोपर्यंत तो त्याच बुटांत धावला होता, आणि आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांना केवळ एवढेच खटकले होते की हा गडी सारखा एकाच बाजूला का जातो.

ते अम्युनिशन बूट होते, जाड चामड्याचे, तळाला लोखंडी खिळे आणि टाचेला नाल असलेले. ते मऊ करण्याचा उपाय जुन्या जवानांनी सांगितला: रात्री बुटात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी लंगरमधून मागून आणलेले मोहरीचे तेल चोळायचे. मोहरीच्या तेलाचा वास आम्हा शेंगदाणा तेलावर वाढलेल्यांना नवा होता. साठ जणांचे एकशेवीस बूट त्या तेलात मुरल्यावर बराकीत जो दरवळ सुटला, त्यामुळे आमच्यातल्या एकाने पुढची २० वर्षे उत्तर भारतात काढूनही तिकडची भाजी तोंडाला लावली नाही.

फौजेच्या कागदपत्रांत प्रत्येक वस्तूचे नाव उलटे लिहिले जाते, हे पहिल्या आठवड्यात समजले. आधी जात, मग गुण. बूट, अँकल. मग, एनामल. शर्ट, अंगोला. ड्रॉवर्स, वुलन. ही सवय अशी काही हाडात शिरते की मी अजूनही वाण्याची यादी ‘डाळ, तूर, किलो दोन, साखर, बारीक, किलो एक’ अशीच लिहितो. आमच्या सौभाग्यवती त्या यादीखाली ‘नवरा, निवृत्त, नग एक’ असे लिहून वाण्याकडे पाठवतात.

याच यादीत ‘हाऊसवाइफ’ नावाची एक वस्तू असे. सुई, दोरा आणि बटणे ठेवण्याची ती छोटी कापडी गुंडाळी. नाव इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले. पहिल्या किट तपासणीत उस्ताद खाटेखाटेपाशी थांबून वस्तू मोजत होते. माझ्या शेजारचा रंगरूट भरतीआधी दोनच महिने बोहल्यावर चढला होता.

‘हाऊसवाइफ कुठे आहे?’ उस्तादांनी विचारले.

‘गावी आहे, उस्ताद.’

‘गावी? आणि इथे कोण आणणार?’

‘आईला सोबत लागते, म्हणून तिच्यापाशी ठेवून आलोय.’

‘सरकारी वस्तू आईपाशी ठेवून आलास?’

यावर त्या पोराचा चेहरा असा काही झाला की उस्तादांना खरा घोटाळा उमगला. ते तोंड फिरवून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ मैदानाकडे पाहत उभे राहिले. त्यांचे खांदे मात्र हलत होते. ‘सरकारी’ या शब्दाने तो इतका धास्तावला होता की त्या रविवारी त्याने घरी पत्र लिहून लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत नक्की कुणाच्या नावाने झाली आहे, हे विचारून घेतले.

आता या चर्चेच्या शीर्षकाकडे येतो. फौजेतल्या प्रत्येक वस्तूला तीन रूपे असतात. एक रजिस्टरात असते, दुसरे तपासणीच्या दिवशी खाटेवर मांडलेले असते आणि तिसरे आपण वापरतो. नव्या माणसाला वाटते की ही एकच वस्तू आहे, आणि त्याचे सगळे हाल या गैरसमजातून होतात. जुना जवान दोन मग बाळगतो. एक खाटेवर मांडण्यासाठी, पांढराशुभ्र आणि निळ्या काठाचा, ज्याला चहाचा थेंब कधी लागलेला नसतो. आणि दुसरा टवके उडालेला, ज्यात चहा, वरण, दाढीचे पाणी आणि अडीअडचणीला दोन अंडीही उकडली जातात. तसाच दुसरा ब्रश, दुसरा कंगवा, दुसरा टॉवेल. कांबळी घडी करून त्यांच्या आत पुठ्ठा घालायचा, म्हणजे कडा विटेसारख्या सरळ येतात. मच्छरदाणी अशी दुमडायची की तिच्यात डास काय, हवाही शिरू नये. ही मांडणी एकदा जमली की ती मोडण्याची कुणाची छाती होत नसे, म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री अख्खी बराक जमिनीवर झोपत असे आणि साठ खाटा आपापली कांबळी छातीशी धरून आरामात पहुडलेल्या असत.

माझा पराभव साबणाने केला. खाटेवरच्या मांडणीसाठी मी एक नवी वडी वेगळी ठेवली होती, आणि तिच्यावरची अक्षरे जराही झिजू नयेत याची मला फार काळजी होती. तिसऱ्या महिन्यात एकदा सुभेदार साहेब माझ्या खाटेपाशी थांबले. त्यांनी वडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि तिच्यावरून बोट फिरवले. बोटाला धूळ लागली.

‘हा साबण कधीचा?’

‘तीन महिन्यांचा, साहेब.’

‘आणि आंघोळ?’

‘रोज करतो, साहेब.’

साहेबांनी वडी पुन्हा निरखून पाहिली आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, ‘मग या कारखान्याचा पत्ता मला लिहून दे. घरी सात माणसे आहेत.’

त्यानंतर पाठीवर पिट्ठू घेऊन मैदानाला किती फेऱ्या मारल्या, हे विचारू नये. पुढच्या आठवड्यात साऱ्या बराकीने धडा घेऊन आपापल्या वड्या झिजवल्या, पण एका हुशार गड्याने ती ब्लेडने तासली. साहेबांनी ती पाहून सांगितले की अंगाला लागणारा साबण गोल झिजतो आणि हा चौकोनी झिजलेला आहे, तेव्हा याचे अंग चौकोनी आहे काय, ते मैदानावर तपासून घ्यावे.

रायफल मात्र या खेळात नसे. ती कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत राहायची, सही करून मिळायची आणि मोजून परत जायची. आमच्या वेळी ७.६२ मि.मी.ची एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल होती. २० गोळ्यांचे मॅगझिन भरून लावले की वजन पाच किलोंच्या आसपास जाई. तिच्या दस्त्यावर रंगवलेला बट नंबर हेच तिचे नाव. माझ्या रायफलीचा बट नंबर ३८ होता, आणि तो मी झोपेतही सांगतो, तर लग्नाची तारीख विचारल्यावर बोटे मोजतो, ही घरची कायमची तक्रार आहे. नळी साफ करायला चार इंच बाय दोन इंच मापाची चिंदी लागे आणि ती नेहमी अपुरी पडे. आमच्या सेक्शनमधल्या एका काटकसरी माणसाने आपली जुनी बनियन त्या कामी लावली. आधी तिच्या बाह्या गेल्या, मग खालचा घेर गेला, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच्या गळ्यात उरलेला भाग बनियन म्हणावा की ताईत, असा प्रश्न पडू लागला. नळीची तपासणी करताना मागच्या बाजूला अंगठ्याचे नख धरायचे, म्हणजे त्यावरून उजेड परततो आणि आतला कण अन् कण दिसतो. नखही स्वच्छ असावे लागते, हे तेव्हाच शिकलो.

ज्यांनी हे सारे भोगले आहे, किंवा ज्यांच्या घरात ती काळी ट्रंक आहे, त्यांनी पुढे लिहावे.

ट्रंकवाली लेक

काळी ट्रंक आमच्याकडे अजून आहे आणि तिच्यावर आता शिलाई मशीन ठेवले आहे. वडील १९६८ मध्ये भरती झाले होते. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असे. बढती मिळाली की जुना हुद्दा काळ्या रंगाने झाकून त्यावर नवा लिहीत. उन्हात तिरपे पाहिले की ‘हवालदार’च्या खाली ‘नाईक’ आणि त्याच्याही खाली ‘लान्स नाईक’ अजून दिसतो.

त्यांचा पत्ता नेहमी ‘मार्फत ५६ एपीओ’ असा, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा असायचा, पण मला ते गावाचे नाव वाटे. वडील तिथून कधी सफरचंदे आणत, कधी लोकरीची शाल, तर एकदा त्यांनी चहाची मोठी पुडी आणली. एकाच गावात हे सगळे कसे पिकते, असे मला वाटे, आणि चौथीत असताना मी शाळेच्या नकाशात ते गाव शोधायला बसले. बाईंनाही ते सापडले नाही, तेव्हा त्यांनी ते फार लहान गाव असावे असे सांगितले.

आई लसणीची चटणी डब्यात भरून, डबा मांजरपाटाच्या कापडात शिवून पाठवत असे. एकदा झाकण सैल राहिले. वडिलांनी पार्सल न उघडताच किट बॅगेत टाकले होते. दुसऱ्या दिवशीच्या परेडला त्यांच्या इस्त्री केलेल्या ओजी, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन शर्टावर पाठीच्या मधोमध तांबूस तेलाचा ठिपका होता आणि मागच्या रांगेतली माणसे, ते सांगत, त्या दिवशी विलक्षण जवळून चालत होती.

कोशवेडा

माणदेशी काका, उलट्या नावांची यादी वाचून फार आनंद झाला. त्या यादीतले कित्येक शब्द आपल्याच घरून गेलेले आहेत. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे कापड इंग्रजांनी उचलले, त्याचे ‘डंगरी’ झाले, आणि फौजेच्या स्टोअरमधून तेच ‘डांगरी’ म्हणून आपल्या अंगावर परत आले. पायाला गुंडाळायची पट्टी इंग्रजीत ‘पुट्टी’ झाली आणि ‘पुट्टीज’ या बहुवचनी रूपात आपल्याकडे आली. खाकी म्हणजे ‘खाक’च्या, मातीच्या रंगाची. याच्या उलट दिशेने ‘रिक्रूट’चा रंगरूट आणि ‘ऑर्डर्ली’चा अर्दली झाला. पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’ या दरडावणीचे शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झाले, आणि माझ्या मते मूळ वाक्यापेक्षा ते जास्त धाक दाखवणारे आहे. तुमच्या वेळी ते चालत होते का?

माणदेशी फौजी

आम्हाला ‘थम, कौन आता है’ असे शिकवले होते, पण जुने सुभेदार गप्पांत ‘हुकुमदार’ म्हणत. मी स्वतः पहिल्या रात्रपाळीत एका म्हशीला तीनदा थांबायचा हुकूम दिला. तिसऱ्या हुकुमाला ती खरोखरच थांबली आणि मग सकाळपर्यंत हललीच नाही. गारद बदलताना मला पुढच्या माणसाला ‘सर्व ठीक, एक म्हैस हजर’ असा रिपोर्ट द्यावा लागला.

बेळगावकर

आमचे लहानपण कॅम्पाजवळ गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सेंटर गावातच असल्याने पहाटे धावणाऱ्या रंगरुटांच्या बुटांचा आवाज हेच आमचे घड्याळ होते. रविवारी सुट्टी मिळालेली पोरे दोघे-दोघे मिळून बाजारात येत, आणि साध्या कपड्यांत असूनही ती लगेच ओळखू यायची, कारण केस कापलेले, हात बाजूला ताठ आणि पावले नकळत एकमेकांशी जुळलेली. कुंद्याच्या दुकानासमोर दोघेही एकदम थांबत, जणू कुणीतरी ‘थम’ म्हटले आहे. मला एक आठवते ती त्यांची नवी बेरे टोपी. ती डोक्यावर भाकरी ठेवल्यासारखी दिसायची, आणि काही महिन्यांनी त्याच पोराच्या डोक्यावर ती अगदी चापून बसलेली असायची.

माणदेशी फौजी

टोपीचे गुपित पाण्यात आहे. ती भिजवायची, पिळायची आणि ओलीच डोक्यावर दाबून वाळेपर्यंत बसायचे. जानेवारीच्या थंडीत असे वीस जण ओल्या टोप्या घालून उन्हात ओळीने बसलेले पाहिले, तर बाहेरच्या माणसाला हा काही नवस आहे असे वाटले असते. खूप घाई झालेल्या एकाने ती बुखारीवर, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीवर वाळवली आणि पुढे वर्षभर मुलाच्या बारशातले कुंचडे घातल्यासारखा वावरला.

बर्फातला सिग्नलवाला

बुखारीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ऑपरेशन मेघदूत १९८४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. मी १९९१ मध्ये सियाचीनला गेलो. तिथे काकांच्या तीन रूपांचा सिद्धांत कोसळतो, कारण वर गेल्यावर खाटही नसते आणि तपासणीही नसते. जे आहे ते सगळे अंगावर असते, आणि त्यावर कोट, पारका.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून वायरलेस सेटची बॅटरी रात्री झोपण्याच्या पिशवीत, पोटाशी घेऊन झोपावे लागे. मग तिच्या सोबतीला पाण्याची बाटली आली, कारण बाहेर ठेवली तर सकाळी दगड. मग टूथपेस्ट, ओले मोजे आणि बुटांची आतली अस्तरे. इतके सगळे आत गेल्यावर जी जागा उरेल तिच्यात मी. एकदा रात्री आमच्या ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर साहेबांनी अंधारात माझ्या पिशवीला हात लावून ‘सामान इथे का पसरले आहे’ असे विचारले, आणि आतून मी ‘जय हिंद, साहेब’ म्हणालो.

बुखारी रॉकेलवर जळायची. त्यामुळे चहाला रॉकेलचा वास, खिचडीला रॉकेलचा वास, आणि तोंडावर काजळीचा थर. आरसा कोणी जवळ ठेवत नसे. खाली बेसला उतरल्यावर पहिल्यांदा आरशात पाहिले तेव्हा मागे कोण उभा आहे हे बघायला मी वळलो होतो. घरून आलेले शंकरपाळे मात्र कितीही गोठले तरी तोंडात धरले की सुटत, आणि शक्करपारे म्हणून जे रेशनमध्ये मिळत ते त्यांचे लांबचे, तब्येतीने जरा राकट भाऊ होते.

प्रश्नचिन्ह

मी फौजेत नव्हतो, म्हणून विचारतो. रजिस्टरात एकच मग असेल तर दुसरा कुठून यायचा? आणि शेवटी परत काय करायचे?

माणदेशी फौजी

प्रश्न मार्मिक आहे. काही वस्तू आम्ही बाजारातून विकत घेत असू. काही पेन्शनवर जाणारे जवान मागे ठेवून जात, आणि वारसाहक्क अगदी काटेकोरपणे पाळला जाई. माझा टवका उडालेला मग ज्यांच्याकडून आला त्यांनाही तो कुणा दुसऱ्याकडून मिळाला होता. तळाशी खिळ्याने कोरलेले तीन वेगवेगळे नंबर होते, चौथा मी कोरला. सरकारी वस्तू हरवली तर तिची किंमत पगारातून कापली जाते, त्यामुळे रजिस्टरातली वस्तू म्हणजेच खाटेवरची वस्तू जिवापाड सांभाळायची आणि बाकीच्यांवर संसार करायचा, असा सरळ हिशेब होता.

पेन्शनवर येताना किट जमा करायला गेलो तेव्हा स्टोअरमध्ये माझ्या मुलाच्या वयाचा एक शिपाई होता. तो यादी वाचत होता आणि मी एकेक वस्तू पुढे सरकवत होतो. मग, एनामल, एक. मी ठेवला. त्याने तो उचलून आत पाहिले, उलटा करून तळ पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले.

‘काका, हा नवाच आहे. चोवीस वर्षे चहा कशात प्यायलात?’

मी म्हटले, ‘तो रजिस्टरात नाही.’

त्याने खूण केली आणि पुढचे नाव वाचले. दुसरा मग माझ्या पिशवीत होता. सध्या तो न्हाणीघरात असतो आणि त्यात दाढीचे पाणी घेतो. घरातल्यांनी दोनदा तो भंगारात काढला होता. दोन्ही वेळा मी भंगारवाल्याकडून परत आणला, दुसऱ्यांदा दहा रुपये देऊन.